सहा देशांचा ठराव आणि भिकूदादांची मासळी

बहारीनहून परतल्यापासून जो तो मला वाळवंटाबद्दल विचारतो. वाळवंट मी रिफा गावाच्या बाजूला एकदा टॅक्सीच्या खिडकीतून पाहिलं, ते पाचेक मिनिटं. त्या महिन्याभरात मी खरोखर पाहिली ती एक बैठक, आणि तीही बंद दाराबाहेरून. सहा देश मिळून एक निर्णय कसा घेतात हे मला त्या दाराबाहेर बसून जितकं कळलं, तितकं नागरिकशास्त्राच्या पुस्तकांनी कधी कळू दिलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. सोन्याच्या दुकानांचं वर्णन ज्यांना हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावं.

माझ्याबद्दल एवढं सांगते, की माझे वडील इचलकरंजीला छापखान्यात खिळे जुळवतात. यंत्रमाग कामगारांची पत्रकं त्यांच्या हातून जातात. मी अक्षरं शिकले ती ओल्या प्रुफांवर. स्वतःचं नाव लिहिता येण्याआधी मला ‘बंधू-भगिनींनो’ लिहिता येत होतं. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. अन्याय दिसला की आधी मथळा सुचतो आणि मग राग येतो, अशी माझी घडण आहे.

या घडणीनं विमानतळावरच घोटाळा केला. आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा जुन्या पत्रकांत गुंडाळून दिला होता. जकातीच्या माणसानं एक कागद उलगडला. त्यावर लाल शाईत वळलेली मूठ.

“हे काय आहे?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“चटणी,” मी म्हणाले.

त्यानं डबा उघडून वास घेतला, तीनदा शिंकला आणि “यल्ला, यल्ला” करत मला पुढे ढकललं. पत्रक त्यानं पुन्हा नीट घडी घालून डब्याभोवती बांधून दिलं, हे मी विसरणार नाही.

अदलिया

सेलीन ही माझी वसतिगृहातली खोलीसोबती. वसईची. तेव्हाच तिची बोटं टाइपरायटरवर अशी चालायची, की शेजारच्या खोलीतल्या मुली तक्रार करायच्या. आता ती राजधानी मनाम्यातल्या एका कंपनीत स्टेनो आहे आणि अदलिया नावाच्या वस्तीत दोन खोल्यांत राहते. खाली भट्टी आहे. सकाळी भट्टीवाला परातीएवढ्या रोट्या वर्तमानपत्रावर टाकून देतो आणि लोक त्या टॉवेलसारख्या खांद्यावर टाकून घरी नेतात. आमच्याकडे भाकरी अशी नेली तर आई घरात घेणार नाही.

पहिला धक्का शुक्रवारचा. त्या दिवशी सुट्टी, म्हणून सेलीनची मिस्साही शुक्रवारीच. “देवानं सातव्या दिवशी विश्रांती घेतली, तो शुक्रवार कसा?” असं मी विचारल्यावर ती म्हणाली, “देवाला लीव्ह ॲडजस्ट करून घेता येते. तू चप्पल घाल.”

मिस्सा आटोपून आलो तर दारात भिकूदादा उभे. हे गुहागरकडचे, चाळिशीच्या आतले, एका स्थानिक मासळी व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. सेलीन त्यांचे इंग्रजी फॉर्म भरून देते, आणि ते दर शुक्रवारी मासा आणून देतात. गॅलरीत उकिडवे बसून त्यांनी हमूर साफ करायला घेतला.

“बाय, इचलकरंजीला समुद्र नाय. मंग मासा कसा खाता?”

“विकत आणून.”

“म्हंजे शिळा,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की आमच्या गावात दुष्काळच पडला असावा.

त्या मासळीवरून विषय पुलावर गेला. बहारीन हे बेट. ते सौदीला जोडणारा लांबलचक पूल नुकताच खुला झाला होता. भिकूदादा रोज पहाटे बर्फात घातलेली मासळी घेऊन पुलापलीकडच्या बाजारात जायचे. हे सगळं तात्पुरत्या परवान्यावर चाललं होतं, कारण पक्के नियम अजून व्हायचे होते.

“आता होतायत,” भिकूदादा सुरी पुसत म्हणाले. “आखातातल्या सहा देशांचा तो संघ हाय ना, त्यांची मीटिंग हाय पुढच्या आठवड्यात, हितंच मनाम्यात. बाजारात बोलतात, की पुलावरून पार जायचा असंल तर ड्रायवर ह्या सहा देशांतलाच पायजे. नायतर पुलाच्या मधल्या बेटावर गाडी थांबवा, माल उतरवा, त्यांच्या गाडीत भरा.”

“मग तुमचं काय?”

“मी खलास. अर्बाबकडं एकच गाडी.” अर्बाब म्हणजे मालक. “त्याला पार जानारा ड्रायवर लागनार. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की गुहागर. दोगं भाऊ माझ्या पैशावर कॉलेजात हायत, ते येतील न्यायला एरपोर्टवर.” आणि हसले.

मी सेलीनकडे पाहिलं. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. तुकडी परतायची वेळ झाली नव्हती तरी तिनं ती परतली.

ते गेल्यावर कळलं. त्या बैठकीसाठी इंग्रजी टायपिस्ट हवी म्हणून तिच्या कंपनीनं तिला आठवडाभर उसनी दिली होती. तो नियमांचा मसुदा तिच्याच यंत्रातून जाणार होता.

“म्हणजे तुला माहीत आहे काय लिहिलंय ते!”

“मला काही माहीत नाही.”

“सेलीन, एका माणसाची भाकरी जाते आहे आणि तू गप्प बसतेस?”

“दवाखान्यातली नर्स रस्त्यात उभी राहून सांगते का, कुणाला काय झालंय? मी सही केलीय. विषय संपला.”

मला तिचा भयंकर राग आला. आणि राग आला की मी काय करते ते वर सांगितलंच आहे. संध्याकाळपर्यंत इंग्रजीत दोन पानी पत्रक तयार झालं. मथळा होता, ‘सहा देशांच्या मंत्र्यांना जाहीर सवाल’. त्यात श्रमाची प्रतिष्ठा होती, सीमा कुणी आखल्या हा प्रश्न होता, आणि शेवटी चार मागण्या होत्या. सेलीननं ते वाचलं आणि पांढरी पडली.

“हे तू वाटलंस तर तुझं काय होईल ते सोड, तू परत जाशील. भिकूचं काय होईल? ज्याच्यासाठी लिहिलंस त्यालाच पहिल्या विमानात बसवशील.”

“मग कुणी बोलायचंच नाही?”

“बोल. पण ते ऐकतात कसं ते आधी बघ.”

मनामा

बघायला मी दुसऱ्या दिवशी, बैठक होती त्या हॉटेलात गेले. लॉबीत बसायला कुणाची ना नव्हती. दारात सहा झेंडे. मला वाटलं होतं, मंत्री येतील, भाषणं होतील, हात वर होतील. पण मंत्र्यांचा पत्ताच नव्हता. फायली घेतलेले, डोळ्यांखाली काळं झालेले पन्नाशीचे पुरुष लिफ्टमधून येत होते, कॉफी पीत होते आणि पुन्हा वर जात होते.

“वो तो आख़री दिन आएँगे,” शेजारून आवाज आला. “एक घंटे के लिए.”

पांढऱ्या दाढीचे, पांढऱ्या झग्यातले एक गृहस्थ. हे अबू यूसुफ. संघाच्या सचिवालयात मसुदे लिहिण्याचं काम करतात, म्हणजे त्या आठवड्यापुरते सेलीनचे साहेब. सेलीनची पाहुणी म्हणून त्यांनी मला ओळखलं. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारात होते आणि अबू यूसुफ यांचं लहानपण मुंबईत गेलं होतं. त्यांची हिंदी माझ्या हिंदीपेक्षा जास्त मुंबईची होती.

मी काय केलं असेल? पर्समधून पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. सेलीननं हे पाहिलं असतं तर लॉबीतच माझा गळा धरला असता.

त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली. चष्मा काढला.

“बहोत गरम है,” ते म्हणाले. “तुम्हारे वालिद क्या करते हैं?”

“प्रेस में हैं.”

“मालूम पड़ता है.” मग पानं घडी करून माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हातानं ठेवली. “बेटी, ये मैंने देखा नहीं. और ये बताओ, ये किस दरवाज़े से अंदर आएगा?”

मला प्रश्नच समजला नाही.

“कल शाम को अराद आओ. सेलीन को लेके. समंदर उतरेगा तब दिखाऊँगा.”

अराद

अरादच्या किल्ल्याला मी किल्ला म्हणणार नाही. पन्हाळा पाहिलेल्या माणसाला तो चार बुरुजांचा नीटनेटका चौकोन वाटतो. पण त्याच्या पायाशी समुद्र उथळ, हिरवा आणि इतका स्वच्छ की पाण्यात उभं राहून पायाची नखं मोजावीत. ओहोटी लागली होती. पाण्यातून खजुराच्या फांद्यांचं एक लांब कुंपण वर आलं होतं. झगा गुडघ्यापर्यंत खोचून अबू यूसुफ पुढे, साडी खोचून मी मागे, आणि ऑफिसच्या चपला हातात धरून कुरकुरणारी सेलीन सगळ्यांत शेवटी.

“ह्याला हदरा म्हणतात,” त्यांनी सांगितलं. पुढचं सगळं हिंदीत झालं, मी मराठीत देते. “भरतीबरोबर मासा आत येतो. पाणी उतरलं की परत जायला बघतो, तर कुंपण आडवं. तो कुंपणाच्या कडेनं चालू लागतो. तोंड रुंद आहे, पुढे अरुंद होत जातं, आणि शेवटी ही एवढीशी खोली. इथे आला की हातानं उचलायचा.”

त्या शेवटच्या खोलीत खरंच सात-आठ साफी मासळ्या फिरत होत्या.

“आमचा संघ असाच चालतो,” ते म्हणाले. “तुला वाटतं, मंत्री ठरवतात. मंत्री ह्या शेवटच्या खोलीशी उभे असतात. तिथपर्यंत कागद कसा येतो ते बघ. आधी सहांपैकी एका देशानं तो विषय मांडायला हवा. बाहेरून कुणी कागद फेकला तर तो कुंपणाच्या बाहेरच तरंगतो. मग आम्ही सचिवालयवाले त्याचा मसुदा करतो. मग सहा देशांचे अधिकारी बसतात. ज्या शब्दांवर जमत नाही त्यांना आम्ही कंसात ठेवतो. दिवस जातात, कंस कमी होत जातात. एकही कंस उरला नाही, की मंत्री येतात. एक तास बसतात, फोटो काढतात.”

“आणि मतदान? चार विरुद्ध दोन झालं तर?”

ते हसले. त्यांनी वाकून कुंपणातली एक फांदी अलगद बाजूला केली. बोटभर फट झाली. एक साफी त्या फटीपाशी आली, थबकली आणि सुळकन निघून गेली.

“आमच्याकडे मतदान नाही. सहाही जणांचं ‘हो’ लागतं. एकानं ‘आमच्या राजधानीला विचारतो’ म्हटलं की झालं, मासा समुद्रात. अध्यक्षपदसुद्धा पाळीनं, अरबी बाराखडीप्रमाणे एकेका देशाकडे जातं. म्हणजे कुणी म्हणू नये, की हा मोठा म्हणून तो आधी.”

माझ्यातली पत्रकवाली गप्प बसेना. “हे लोकशाहीला धरून नाही. एकाच्या हट्टासाठी पाच अडतात.”

“खरंय,” ते शांतपणे म्हणाले. “पण आमच्याकडे एक देश एवढा मोठा आहे आणि एक एवढासा. हे बेट तर तुमच्या एका तालुक्याएवढं. मतदान झालं असतं तर एवढासा कधी आलाच नसता. कुंपण घट्ट बांधलं तर मासा आतच येत नाही. हे सगळ्या कोळ्यांना ठाऊक असतं.”

मी वाकून ती बाजूला केलेली फांदी परत जागेवर सरकवली. तेवढ्यात सेलीनची एक चप्पल हातातून सुटली आणि त्या रुंद तोंडातून आत, अरुंद वाटेनं, थेट शेवटच्या खोलीत जाऊन बसली. अबू यूसुफ यांनी ती हातानं उचलून तिला दिली. “देखा? हदरा सब को लाता है.”

घरी त्यांच्या पत्नीनं, उम्म यूसुफनं, बलालीत वाढलं. म्हणजे आपल्या गोड शेवया, वेलची-केशर घातलेल्या, आणि त्यावर मिठाचं आमलेट! मी आधी दोन्ही वेगवेगळं खाल्लं. घरातल्या सगळ्या बायका हसल्या. एकत्र खाल्ल्यावर मी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं, तेव्हा त्यांनी मला घरचीच धरलं.

निघताना अबू यूसुफ फाटकापाशी म्हणाले, “माल कुणाचा असतो? ड्रायव्हरचा?”

“नाही. अर्बाबचा.”

“अर्बाब ह्या देशाचा नागरिक आहे. त्याला मंत्रालयाचा दरवाजा आहे. अधिकाऱ्यांची बैठक अजून तीन दिवस आहे. मी आणखी काही बोललो नाही.”

सेलीन आकाशाकडे बघत होती, जणू तिला ऐकूच आलं नाही.

पुन्हा अदलिया

दुसऱ्या दिवशी दुपारी भिकूदादा आले तेव्हा मी कागद घेऊनच बसले होते. म्हटलं, दादा, तुमची सगळी हकीकत सांगा. किती वर्षं इथे आहात, किती तास काम करता, घरी कोण कोण आहे.

“ते कशाला लिवता?”

“तुमच्यावर अन्याय होतोय म्हणून.”

“बाय, माझा अन्याय कोन वाचनार? मी त्या सहा देशांतल्या कुठच्याच देशाचा नाय.” त्यांनी कागद माझ्यापुढून अलगद सरकवला. “माझा नाव काढा. मासळीचा लिवा.”

“मासळीचं?”

“मंग! मधल्या बेटावर गाडी बदलायची म्हंजे काय? पेटी उघडायची. हितल्या उन्हात बर्फ किती टिकतो? मी रोज बगतो. पेटी एकदा उघडली का वरचा थर गेला. माल ह्या गाडीतून त्या गाडीत टाकीपर्यंत मधला थर गेला. दाबलेली मासळी पिवळी पडते, पोट फुटतं. पलीकडचा व्यापारी ती घेनार नाय. मंग अर्बाबचा नुकसान, पलीकडच्या गिऱ्हाइकाचा पन नुकसान. दोन देशांचा नुकसान झाला ना?” ते माझ्याकडे बघून थांबले. “आता बगा, हे दोन देश ऐकतील का नाय?”

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. पत्रकात मी माणसाचा हक्क मागायला निघाले होते आणि माणूसच म्हणत होता की मला वगळा, बर्फाचं लिहा. पण नोकरी त्यांची होती, तेव्हा शब्दही त्यांचेच असायला हवे होते. मी इंग्रजीत लिहिलं. एक पान. एकही विशेषण नाही. पेटी उघडल्यावर काय होतं, मग काय होतं, मग काय होतं. शेवटी एकच विनंती: नाशवंत माल ज्या गाडीतून निघाला त्याच गाडीतून, त्याच ड्रायव्हरनं पोचवून त्याच दिवशी परत यावं.

“हे टाइप करून दे,” मी सेलीनला म्हटलं.

“नाही. त्या मशीनवर नाही, ह्या हातांनी नाही. मी आतल्या बाजूची आहे.”

मग मी ते सुवाच्य अक्षरात हातानं उतरवलं. संध्याकाळी भिकूदादांबरोबर अर्बाबच्या दुकानात गेले. जाडजूड, खोकणारे गृहस्थ. त्यांनी कागद मुलाकडून अरबीत वाचून घेतला आणि भिकूदादांना हिंदीत म्हणाले, “ये मछली की बात तूने बोली?”

“हां अर्बाब.”

“मैं पाँच साल से बोलता हूँ तू गधा है. आज से नहीं बोलूँगा.” त्यांनी ते आपल्या दुकानाच्या छापील कागदावर लिहून घेतलं, सही केली, शिक्का मारला आणि मुलाला सांगितलं, की उद्या उघडायच्या वेळी मंत्रालयाच्या दारात उभा राहा.

पुढचे दोन दिवस मी सेलीनचा चेहरा वाचत काढले. ती काळ्या झालेल्या बोटांनी घरी यायची आणि साबणानं कार्बन घासायची. भिकूदादाही यायचे, गॅलरीत बसायचे आणि काही विचारायचे नाहीत. पण त्या दोन दिवसांत त्यांनी न सांगता सेलीनचा गळका नळ, मोडकी खुर्ची आणि शेजाऱ्यांची सायकल दुरुस्त करून टाकली.

दुसऱ्या संध्याकाळी सेलीन चक्क गुणगुणत आली आणि पीठ भिजवून फुगे तळायला बसली. वसईचे ते गोल, सोनेरी फुगे सणाला करतात.

मी स्वयंपाकघरात धावले. “झालं ना? मंजूर झालं ना? फुगे केलेस म्हणजे झालंच!”

“आज माझा वाढदिवस आहे,” ती म्हणाली. “कुणाच्या लक्षात नाही म्हणून मीच करतेय.”

मला कुठे तोंड लपवू असं झालं. भिकूदादा गॅलरीतून आत आले, त्यांनी कढईतला पहिला फुगा उचलून तिच्या तोंडात कोंबला आणि “हॅप्पी बर्डे शेलीन बाय” असं इतकं गंभीरपणे म्हटलं, की आम्ही तिघंही हसत सुटलो. चटणीबरोबर फुगे फार छान लागतात. इचलकरंजीत हे अजून कुणाला माहीत नाही.

शेवटच्या दिवशी मी पुन्हा लॉबीत. लांबलचक गाड्या आल्या. सोनेरी काठांचे झगे लिफ्टमध्ये शिरले. मी घड्याळ लावून बसले होते: अबू यूसुफ म्हणाले होते त्याहून दहाच मिनिटं जास्त लागली. ते माझ्यासमोरून फायलींचा गठ्ठा घेऊन गेले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला आता त्याचा राग आला नाही.

रात्रीच्या बातम्यांत एवढंच आलं, की मंत्र्यांनी मालवाहतुकीच्या नियमांना मान्यता दिली. सकाळी वर्तमानपत्रात नियम छापून आले. सेलीननं पेपर टेबलावर पसरला आणि एका ओळीवर काळसर बोट ठेवलं. नाशवंत माल, तीच गाडी, तोच चालक, त्याच दिवशी परत. चालक कुठल्या देशाचा, हे त्या कलमात लिहिलंच नव्हतं.

“आता छापून आलंय, आता बोलते,” ती म्हणाली. “हे वाक्य मी सात वेळा टाइप केलं. सहा वेळा त्याला कंस होता. कुणाचा तो मी कधीच सांगणार नाही. एका डेलिगेशनला राजधानीला विचारायचं होतं. टेलेक्सचं उत्तर येईना. बाकीचे पाच जण दोन तास नुसते चहा पीत बसले. कुणी उठलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. मग उत्तर आलं, अबू यूसुफ माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, ‘सेलीन, कंस निकालो.’” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मी कंस काढला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन परत आले, कारण अजून चार पानं होती.”

मी तिला मिठी मारली. आठवडाभर मी जिला भेकड समजत होते, तिच्याजवळ माझ्यापेक्षा जास्त दम होता. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “माहितेय. आता भांडी घास.”

पूल

संघानं ठरवलं म्हणजे उद्यापासून लागू, असं नसतं, हेही मी तिथेच शिकले. संघाकडे स्वतःचा एकही शिपाई नाही. सहाही देशांनी आपापला हुकूम काढायचा, तो आपापल्या चौक्यांवर पाठवायचा. भिकूदादांचा तात्पुरता परवाना संपला. ट्रक दहा-बारा दिवस उभा राहिला. दोन्ही बाजूंचे हुकूम निघाले, तेव्हा माझ्या व्हिसाचे तीन दिवस उरले होते.

त्या दिवशी सेलीननं सुट्टी घेतली. आम्ही टॅक्सीनं पुलाच्या मधल्या बेटावर गेलो. तिथपर्यंत कुणालाही जाता येतं; पुढे चौकी. दोन्हीकडे पाणी, वर पांढरं आकाश, आणि नव्या डांबराचा वास. भिकूदादांचा ट्रक रांगेत चौथा होता. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं.

त्यांची पाळी आली. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं कागद घेतले. पासपोर्ट पाहिला. भिकूदादांकडे पाहिलं. पुन्हा पासपोर्ट.

“हिंदी?” त्यानं विचारलं, म्हणजे भारतीय का.

“हां साब, हिंदी.”

त्यानं टेबलावरून एक परिपत्रक ओढलं आणि वाचायला लागला. अगदी पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. तो थांबला नाही. सेलीन माझं मनगट इतकं घट्ट धरून होती, की तिची नखं मला रुतली. त्यात काय लिहिलंय ते तिला तोंडपाठ होतं. तिचे ओठ त्याच्या बोटाबरोबर हलत होते.

बोट एका ठिकाणी थांबलं. तो बाहेर आला.

“पेटी उघड.”

“साब, जल्दी,” भिकूदादा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणा वर्दीवाल्याला घाई करायला सांगत असावेत. “बर्फ जाता है.”

अधिकाऱ्यानं हातभर फट केली, आत डोकावला. थंड वाफ त्याच्या चेहऱ्यावर आली. त्या उन्हात त्यानं क्षणभर डोळे मिटून घेतले. मग दार स्वतःच्या हातानं धाडकन लावलं, कडी घातली आणि आडव्या दांड्याकडे बघून ओरडला, “यल्ला! मछली ख़राब होती है!”

दांडा वर गेला.

आम्ही दोघी किंचाळलो. मी तर घोषणाच दिली, कुठली ते आठवत नाही; सेलीन म्हणते “विजय असो” अशी काहीतरी होती आणि एक सौदी कुटुंब आमच्याकडे बघत राहिलं. भिकूदादांनी आमच्याकडे पाहिलं नाही. परवाना दातांत धरून ते गिअर टाकत होते. ट्रकनं दोन आचके दिले आणि तो पुढे निघाला, पुलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर, जिथे आम्हाला जाता येत नव्हतं.

पेटीच्या खालच्या भोकातून बर्फाचं पाणी गळत होतं. काळ्या रस्त्यावर त्याची एक बारीक ओली रेघ उमटत चालली, सरळ, सौदीच्या बाजूला. मागून ती वाळत होती आणि पुढे लांबत होती. ट्रक ठिपक्याएवढा झाला तरी आम्ही ती रेघ बघत उभ्या होतो.

“चल,” शेवटी सेलीन म्हणाली, “टॅक्सीवाला थांबलाय.”

“थांब,” मी म्हटलं. “ते त्याच दिवशी परत येणार आहेत. नियमात आहे.”

ती हसली, आणि चपला काढून कठड्याच्या सावलीत बसली. मीही बसले.

दुपारी रिकामा ट्रक परत आला तेव्हा भिकूदादांच्या शेजारच्या सीटवर एक भलंमोठं कलिंगड होतं. त्यांनी ते खिडकीतून आमच्याकडे दिलं.

“पलीकडच्या व्यापाऱ्यानं दिला,” ते म्हणाले. “विचारत व्हता, उद्या पन तूच येनार ना?”

“मग काय सांगितलंत?”

“सांगितला, इंशाल्ला. आनि म्हटला, कागद बग पायजे तर.”

त्यांनी आम्हाला दोघींना ट्रकमध्ये चढवलं. ओल्या, मासळीचा वास मारणाऱ्या त्या सीटवर तिघं जण दाटीवाटीनं बसलो, कलिंगड माझ्या मांडीवर, आणि मनाम्याकडे निघालो.